चुकावालीचा कंप्रेसर

गल्लीत तिला चुकावाली म्हणत. खुर्च्या-सोफे भरणारे लोक ज्या बारक्या खिळ्यांनी कापड लाकडावर ठोकतात त्यांना चुका म्हणतात, आणि या बाईच्या चुका कायम तोंडात असायच्या. मूठभर गालात कोंबायच्या, जिभेने एकेक सरळ करून ओठांत आणायची, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने टिपायची आणि ठक. तोवर पुढची ओठांत हजर. नवऱ्याने शिकवलेली रीत होती. त्याला ती का सुचली असावी याबद्दल तिच्या जावेचं स्वतंत्र मत होतं. "तेवढाच वेळ त्याला घरात शांतता," असं ती दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. "आणि तोंडात एवढ्या चुका बाळगणाऱ्या बाईने जन्मात एक चूक कबूल केली असेल तर शपथ."

जाऊ म्हणाली म्हणून ते खोटं होतं असं नाही.

लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा दाभण धरता येत नव्हता. नवऱ्याच्या हाताखाली आधी काथ्या पिंजायला बसली, मग स्प्रिंगा बांधायला, आणि काही वर्षांत गिऱ्हाईक नवऱ्यालाच विचारायला लागलं, "बाईंनी भरलीय ना?" नवरा गेला तेव्हा खोलीत अर्धा सोफा पोट उघडं टाकून पडला होता. लोक भेटून गेले आणि थोड्याच दिवसांत आतून ठकठक सुरू झाली. लोकांनी नावं ठेवली. तोंडात चुका होत्या म्हणून तिने उत्तर दिलं नाही, एवढंच. एरवी ती कुणाचं ठेवून घेणारी नव्हती. "स्प्रिंग बसली हो तुमची," असं म्हणत कुणी बाई खुर्ची परत घेऊन आली की ही विचारायची, "स्प्रिंग बसली की तुमचे हे बसले? यांना आधी उतरवा, मग स्प्रिंगेला बोल लावा." तरी गिऱ्हाईक यायचं, कारण तिने भरलेली खुर्ची खरंच बसायची नाही.

ती काम करायची ती खोली दोन घरांच्या मधोमध होती. अलीकडे ती, पलीकडे धाकटा दीर आणि जाऊ. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, जाण्याआधी दोघा भावांना समोर बसवलं होतं, साक्षीला समोरच्या शिंपीकाकांना बोलावलं होतं आणि सांगितलं होतं, "जोवर या खोलीत ठोकाठोक चालू आहे तोवर खोली थोरल्याच्या घरची. ठोकाठोक थांबली की धाकट्याची. म्हणजे पुढे भांडण नको." भांडण त्याच दिवशी सुरू झालं.

दीर गाड्यांच्या कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाला तरी सगळे त्याला फिटरच म्हणत. त्याला ती खोली गोदाम म्हणून भाड्याने द्यायची होती, भाडेकरूही बघून ठेवला होता, फक्त वहिनीची हातोडी थांबायची वाट होती. दिवसभर तो त्या भिंतीला खुर्ची टेकवून पेपर वाचत बसायचा. एक पान उलटायला त्याला जितका वेळ लागायचा, तितक्यात माणूस अख्खा पेपर पाठ करेल. डोळे कागदावर आणि कान भिंतीत.

एका सकाळी ठकठक मधेच तुटली. तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडातून अशी कळ गेली की हातोडी सुटून फरशीवर पडली. ती उचलायला वाकली तर बोटं मिटेनात. भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. पाठोपाठ फिटर दारात उभा.

"काय वहिनी, थांबलं का?"

तोंड भरलेलं. तिने चुका एकेक करून डाव्या तळहातावर काढल्या, अगदी सावकाश, शेवटची ओठांवरून पुसून घेतली.

"तुमचा श्वास थांबेल भाऊजी. ही हातोडी नाही थांबायची."

"तसं नव्हे. आवाज आला नाही म्हणून विचारलं. माणसाला काळजी वाटते."

"माणसाला वाटते. तुम्हाला कशाला वाटेल?"

तो हसला. तिचा उजवा हात पदराखाली होता, ते त्याने पाहिलं होतं.

हाडांच्या डॉक्टरने अंगठा दाबला. ती ओरडली नाही, पण डॉक्टरच्या टेबलावरचा एक कागद डाव्या हाताने पार चुरगाळून टाकला. "सांधा झिजलाय," डॉक्टर म्हणाला. "हातोडी बंद."

"बंद म्हणजे कुठवर?"

"बंद म्हणजे बंद. पुन्हा ठोकत बसलात तर पेला धरता यायचा नाही."

"तुमच्या या खुर्चीची शिवण उसवलीय," ती म्हणाली आणि उठली.

घरी येऊन तिने डाव्या हाताने ठोकून पाहिलं. चुका वाकड्या गेल्या, कापडाला सुरकुत्या पडल्या, आणि एकदा हातोडी थेट चांगल्या बोटावर बसली. तरी ती मधूनमधून नुसतीच लाकडावर ठकठक करत राहिली. भिंतीपलीकडच्या कानाला खाऊ. एका सभागृहाच्या खुर्च्या नुकत्याच भरायला आल्या होत्या. खोलीत छतापर्यंत एकीवर एक चढून बसल्या होत्या आणि ती त्यांच्यासमोर रिकामं लाकूड बडवत होती. असं किती दिवस चालणार? त्या खुर्च्या तशाच परत गेल्या की खोलीही गेली, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

मग ती फर्निचरच्या मोठ्या कारखान्यात गेली. या कारखान्याबद्दल ती वर्षानुवर्षं एकच बोलत आली होती, की तिथे सोफे भरत नाहीत, कागदांना पिना मारतात. आता तिथल्या कारागिराच्या हातातली ती पिनांची बंदूक तिने मागून घेतली. मागून म्हणजे, "बघू, काय एवढं आहे त्यात," म्हणत हिसकावून. तर्जनीने घोडा ओढला. टप. पिन लाकडात. पुन्हा टप. अंगठा बाजूला नुसता पडलेला, घरजावयासारखा, काही काम नाही, काही त्रास नाही. ती बराच वेळ टप टप करत राहिली. शेवटी कारागीर म्हणाला, "बाई, ती आमची फळी आहे."

बंदूक हवेवर चालते, आणि हवा दाबून भरायला कंप्रेसर लागतो. बंदुकीचं काही अवघड नव्हतं. कंप्रेसर कुठला घ्यायचा, इथे घोडं अडलं. हवेतलं तिला काही कळत नव्हतं. ज्याला कळत होतं तो भिंतीपलीकडे बसला होता. फिटरचा जन्म कारखान्यातल्या हवेच्या पाइपांत गेला होता. त्याला विचारण्यापेक्षा तिने तोंडातल्या चुका गिळल्या असत्या.

हत्यारांच्या दुकानात कंप्रेसर ओळीने मांडले होते. दुकानदार डोळ्यांवर चष्मा चढवून पुढे आला.

"किती हवा लागेल?"

"जेवढी आत मावेल तेवढी."

"तसं नसतं बाई. काम कसलं?"

तिने सांगितलं. तो हसला आणि एका ठेंगण्या मशीनवर हात ठेवला. "मग हा. पिनांच्या बंदुकीला हवा लागते चिमणीच्या घोटाएवढी. याला तेल नको, याचा आवाज नाही, एका हाताने उचलून इकडचा तिकडे ठेवाल. घरातल्या कामाला याच्यासारखा दुसरा नाही."

तिने दांडा धरून डाव्या हाताने उचलून पाहिला. उचलला गेला. बरा वाटला. द्या म्हणणार, तेवढ्यात दुकानदाराने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"फिटरसुद्धा हेच म्हणाले."

"कोण फिटर?"

"तुमचे दीर हो. परवाच येऊन गेले. म्हणाले, वहिनी येतील, मोठ्याकडे बघतील, पण तुम्ही त्यांना हा लहानच द्या. माणूस चांगला आहे, घरच्यांचं बघतो."

चटका बसावा तसा तिचा हात दांड्यावरून सुटला. कंप्रेसर कुठे मिळतो हे तिने घरून कारखान्यात फोन करून विचारलं होतं, ते भिंतीने ऐकलं असणार. पण हा लहान द्या? ज्याला तिची खोली हवी आहे, तो तिला चांगलं मशीन सुचवणार? ती तिथेच उभी राहून विचार करत राहिली. नक्की हा लहान मधेच मान टाकत असणार. अर्ध्या खुर्चीवर दम तोडत असणार. हवेतलं ज्याला सगळं कळतं, त्याने हे बुटकं तिच्या गळ्यात मारायचं म्हणजे त्यात काहीतरी मेख असणारच.

कोपऱ्यात एक आडवी लांबलचक टाकी होती, वर मोटर, बाजूला जाळीत पट्टा आणि चाक.

"तो कशाला?"

"तो गॅरेजचा. गाड्या रंगवायला, टायर भरायला. तो घरात लावाल तर भिंती हलतील."

"कुणाच्या?"

"म्हणजे?"

"भिंती. माझ्या की पलीकडच्या?"

"दोन्हीकडच्या हलतील बाई."

"द्या."

कंप्रेसर टेम्पोतून आला. हमालांनी तो दाराशी आणला तर दाराची एकच फळी उघडी, आणि त्यातून तो शिरेना. फिटर पलीकडून आला, खालची-वरची कडी काढून दुसरी फळी त्याने स्वतः उघडून दिली. "सावकाश, सावकाश, मशीनला धक्का नको," असंही म्हणाला. हे तिला तिथेच खटकायला हवं होतं. पण ती हमालांशी भांडण्यात गुंतली होती.

जाड वायर ओढून झाली. तिने बटण दाबलं.

आधी खोलीतले दिवे मंद झाले. मग ते मशीन असं सुरू झालं, जणू पत्र्याच्या पिंपात कुणी दगड भरून ते जिन्यावरून सोडून दिलंय आणि जिना काही संपत नाहीये. खुर्च्यांची चळत थरथरली. भिंतीपलीकडे काहीतरी फुटलं आणि जाऊ बाहेर आली. काही वर्षं ती थोरल्या जावेशी थेट बोलत नव्हती, नवऱ्यामार्फत बोलायची. त्या दिवशी मध्यस्थाला वेळ नव्हता.

"जाऊबाई, लोक राहतात इथे. माझी बरणी पडली."

"बरणी काठावर कशाला ठेवता?"

"काठावर नव्हती. चालत काठावर आली."

टाकी भरली, मोटर थांबली, आणि सगळी गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी झाली. तिने पहिली खुर्ची ओढली, रेक्झिन ताणलं, बंदूक टेकवली, घोडा ओढला. पिन रेक्झिन फाडून लाकडात गडप झाली. दुसरीही तशीच. कापडाला कुत्रं चावल्यासारखी भोकं. तिने शिव्या दिल्या, मग टाकीच्या तोंडाशी असलेली दाबाची कळ थोडी पिळली. तरी फाटलं. आणखी पिळली. मग टप झालं आणि पिन कापडाच्या पाठीवर नीट आडवी झोपली. ती पुढे सरकली. टप, टप, टप. बैठकीला एक फेरी पूर्ण झाली आणि अंगठ्यातून कळ आली नाही. तिने मुद्दाम वाट पाहिली. आली नाही.

एक गोष्ट मात्र कुणी हिशोबात धरली नव्हती. बंदुकीला चुका लागत नाहीत. तिचं तोंड रिकामं झालं होतं. इतकी वर्षं काम करताना गालात अडून बसलेलं सगळं आता टप टपच्या तालावर बाहेर यायला लागलं. लग्नात कुणी काय दिलं नव्हतं, नवऱ्याच्या आजारपणात कोण किती वेळा आलं नव्हतं, कोण कारखान्यात काम करायचा आणि कोण नुसता डबा खायला जायचा, सगळं, भिंतीकडे तोंड करून, एकेक पिन मारत. पलीकडे फिटरचं पान उलटायचं थांबलं. जाऊ नवऱ्याला म्हणाली, आणि तेही हिला ऐकू जाईल असं, "त्यापेक्षा हातोडी बरी होती."

पण कंप्रेसरचं लक्षण ठीक नव्हतं. बंदूक खाली ठेवलेली असली तरी तो आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. पाणी पिऊन यावं, तर सुरू. खुर्ची बदलावी, तर सुरू. दर खेपेला दिवे मंद, बरणी चालायला लागलेली, आणि रस्त्यावरचं माणूस दचकून आत डोकावणार. वरच्या मजल्यावरच्या परिचारिकेची रात्रपाळी असायची, ती दिवसा झोपायला धडपडत होती, ती खाली येऊन हात जोडून गेली.

फिटर हात पाठीमागे बांधून दारात आला. चेहरा बारशाला आल्यासारखा.

"मोठी टाकी वहिनी, मोठी भूक. चालायचंच. बरं, रविवारी शिंपीकाकांना घेऊन येतो."

"कशाला? तुमचं माप घ्यायला?"

"अण्णांचा शब्द होता ठोकाठोकीचा. ठोकाठोक तर बंद झाली. ही पिचकारी आहे. आणि हा आवाज गल्ली ऐकून घ्यायची नाही. काकांनी एकदा कानांनी ऐकावं, म्हणजे मग माझं म्हणणं राहणार नाही."

"तुमचं म्हणणं तुम्ही गेल्यावरसुद्धा राहील."

"रविवारी," तो म्हणाला आणि गेला.

ती एका अर्धवट भरलेल्या खुर्चीवर बसली. समोर ते धूड. लहान घेतला असता तर यातलं काही झालं नसतं, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं. परत करावं तर दुकानदार फिटरचाच दोस्त, गल्लीभर बोभाटा. ती पुटपुटली, "चुकलंच माझं." आणि लगेच भिंतीकडे पाहिलं. पलीकडे काही हललं नाही. तरी तिने आवाज चढवून म्हटलं, "कापड, कापड चुकलं मापात."

एवढ्यात मोटर पुन्हा सुरू झाली. बंदूक तर खुंटीला टांगलेली होती. हवा कुणी वापरलीच नव्हती, मग ती गेली कुठे? हा प्रश्न तिच्या धंद्यातला होता. भरलेली बैठक कुणी न बसता खाली जायला लागली की ती आधी शिवण बघायची. तिने मशीन बंद केलं, तारच काढून टाकली, आणि कान देऊन उभी राहिली. बारीकसा सुस्कारा ऐकू येत होता. टाकीवरच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसली, तर काटा नकळत, लाजत लाजत खाली येत होता. तिने वाटीत साबणाचा फेस केला आणि डिंकाच्या ब्रशाने सगळ्या सांध्यांना फासत सुटली. पाइप टाकीला जोडलेला होता तिथे फेसाला फुगे आले. एक फुटला की दुसरा.

तिने तो सांधा सोडवला, नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळली, पान्याने डाव्या हाताने आवळला, मग पायाने रेटून आवळला. पुन्हा फेस लावला. फेस तसाच बसून राहिला, मुका. तिने टाकी भरली आणि कामाला लागली. एक खुर्ची झाली, दुसरी झाली, ती काट्याकडे बघायची तर तो फक्त जरासा ढळलेला. चिमणीचा घोट आणि हौदभर पाणी. त्या दिवसभर मोटर पुन्हा सुरू झालीच नाही. संध्याकाळी तिने हात पुसले आणि त्या धुडाच्या पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी तिने वरच्या परिचारिकेला गाठून ती झोपते कधी, उठते कधी, ते विचारून घेतलं. फिटर झोपतो कधी ते तिला माहीत होतं. परिचारिका जागी असताना आणि फिटर जेवून आडवा झाला की, अशा वेळी एकदाच टाकी भरायची, असं तिने ठरवून टाकलं. फिटरचं पहिलं घोरणं भिंतीतून आलं की तिचं बोट बटणावर. एरवीच्या शांततेचा अर्थ फिटरने असा लावला, की वहिनी घाबरून मशीन लावतच नाही.

रविवारी फिटर शिंपीकाकांना आणायला रस्ता ओलांडून गेला, तेवढ्यात तिने टाकी भरून घेतली. काका आले ते कुरकुरतच. पाठीला बाक, गळ्यात मापाची टेप, ती काढून ठेवायलाही त्यांना कुणी वेळ दिला नव्हता. जाऊही नवऱ्यामागे येऊन उभी राहिली. चुकावाली खुर्ची उलटी करून पिना मारत होती. तिने वर पाहिलं नाही.

"ऐका काका," फिटर म्हणाला.

काकांनी ऐकलं. टप. टप. "काय ऐकू?"

"थांबा, सुरू होईल आता आपोआप. थोडा वेळ लागतो."

"बसा काका," ती म्हणाली. "सुरू होईपर्यंत भिंतीपलीकडे यांच्या खुर्चीवरच बसा. आज रिकामी आहे, कधी नव्हे ते."

काका तिथल्याच एका भरलेल्या खुर्चीवर बसले. फिटर मशीनकडे बघत उभा राहिला, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तसा. ती एक खुर्ची संपवून दुसरी घेत होती. मशीन काही सुरू होईना. शेवटी फिटर टाकीजवळ गेला आणि वाकून काट्याकडे बघितलं. मग पाइपाच्या सांध्याकडे. पांढरी टेप दिसली. मान वळवून त्याने वहिनीकडे जे पाहिलं, त्यावरून तिला कळलं की सांधा गळत होता हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"आवाजाचं राहू दे," काका म्हणाले. "दुसरं काय होतं तुझं?"

"ठोकाठोक. अण्णा म्हणाले होते, ठोकाठोक चालू असेतो. ही कुठे ठोकतेय? हवा मारतेय."

काका उठले. भरलेली एक खुर्ची उलटी करून त्यांनी पिनांवरून बोट फिरवलं, सरळ करून बैठकीवर मूठ आपटली, कापड ओढून पाहिलं. "ही लाकडाला घट्ट बसलीय की नाही?"

"बसलीय, पण..."

"मग ठोकल्याशिवाय बसली? मी पायाचं मशीन सोडून मोटरचं घेतलं, तेव्हा तू पँट शिवायला दुसरीकडे गेलास का? उलट पाय मोकळे झाले म्हणून लवकर दे म्हणून मागे लागलास." मग ते तिच्याकडे वळले. तिच्या चेहऱ्यावर जे पसरायला लागलं होतं ते त्यांना आवडलं नसावं. "तू दात काढू नकोस. तुझा सासरा सज्जन होता, त्याने तुम्हा दोघांसाठी शब्द खर्च केला हीच त्याची चूक. पुन्हा मला या घरात बोलावलंत तर कात्री घेऊन येईन."

ते गेले. जाऊही गेली, जाताना खुर्च्यांच्या चळतीला उगाच धक्का मारून. फिटर मागे राहिला.

"लहान घेतला असतात तर ही फेसाची आंघोळ करावी लागली नसती," तो म्हणाला.

"तुम्ही सांगितलंत म्हणून नाही घेतला."

"माहीत होतं."

तिची बंदूक हातात थांबली. "काय माहीत होतं?"

"तुम्ही घेणार नाही ते. म्हणून तर दुकानात जाऊन सांगून आलो. मी मोठा सांगितला असता तर तुम्ही लहान घेतला असतात, गुपचूप काम केलं असतंत, आणि मला खोली मेल्यावर मिळाली असती." तो हे अगदी शांतपणे बोलला, कामाच्या जागी पाळीचा हिशोब द्यावा तसं. "एवढीच चूक झाली, की तुम्ही सांधा शोधाल असं वाटलं नव्हतं."

तिला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. तोंड पूर्ण रिकामं होतं आणि त्यात एक शब्द येईना. इतकी वर्षं या माणसाने भिंतीला कान लावून तिची हातोडी ऐकली होती, आणि ऐकता ऐकता तिला पाठ करून टाकलं होतं. नवऱ्यानेही केलं नव्हतं इतकं.

दारातून बाहेर पडताना तो वळला. "आणि टाकीतलं पाणी काढत जा. खाली तोटी आहे. दाबलेल्या हवेचं पाणी होतं आत. नाही काढलंत तर आतून गंजून जाईल."

"बरं," ती म्हणाली. तो गेला.

ती टाकीसमोर उकिडवी बसली. टाकीच्या पोटाखाली खरंच एक बारीक तोटी होती, आजवर तिचं लक्षही गेलं नव्हतं. हवेच्या टाकीत पाणी? तिने हवा भरली होती, पाणी नव्हे. ही तोटी उघडली की सगळी हवा निघून जाणार, मशीन भर दुपारी धडधडत सुरू होणार, वरची परिचारिका झोपेतून उठून पुन्हा हात जोडायला येणार. हाच त्याचा डाव असेल. किंवा तोटी उघडू नये हाच डाव असेल, आणि म्हणूनच त्याने उघडा म्हणून सांगितलं असेल. तिने तोटीला हात लावला, काढला, पुन्हा लावला. दुकानदाराला विचारावं तर तो त्याचा. कारखान्यात फोन करावा तर भिंत ऐकणार.

पलीकडे खुर्ची भिंतीला टेकल्याचा आवाज आला आणि पेपर उलगडल्याचा.

तिने तोटी अर्धा आटा फिरवली. फस्सकन हवा आली, आणि तिच्यामागून लालसर, मळकट पाणी, थुंकल्यासारखं, फरशीवर. चांगलं वाटीभर निघालं. तिने तोटी आवळली. काटा फारसा हलला नव्हता.

खरं बोलला होता मेला.

ती त्या पाण्याकडे बघत बसली. आजवर एक सोय होती, त्याने उजवीकडे बोट दाखवलं की आपण डावीकडे जायचं, डोकं चालवावं लागत नव्हतं. आता तेही गेलं. यापुढे त्याने साधं "पाऊस येतोय" म्हटलं तरी हिला आधी बाहेर येऊन आभाळ बघावं लागणार.

तिने फडकं आणलं, गुडघ्यावर बसली आणि ते गंजाचं पाणी डाव्या हाताने रेटत रेटत भिंतीपर्यंत नेलं, भिंतीखालच्या मोरीच्या भोकातून पलीकडे, जावेच्या नुकत्याच धुतलेल्या ओट्याखाली. मग उठून बंदूक उचलली. खुर्च्यांची चळत अजून छातीएवढी होती.